सहदेवने मासे सोडले

माझा धाकटा भाऊ सहदेव पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला होता. रस्त्यातलं झाकण उचलायचं, पुरुषभर उंचीची लोखंडी चावी आत घालायची आणि कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते पिळून ठरवायचं, हे त्याचं काम. नाहूर-भांडुपच्या बायका त्याला नगरसेवकापेक्षा जास्त मान द्यायच्या. सगळ्या वॉर्डाचं पाणी उघडबंद करण्यात त्याची नोकरी संपली, पण स्वतःचं तोंड बंद करायची चावी काही त्याला सापडली नाही. मोठी बहीण म्हणून हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे, मागून बोलत नाही.

त्या तोंडाला मान मात्र होता. आमच्याकडे कोकणात काही शुभकार्य असलं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एक जण खड्या आवाजात देवाकडे एकेक मागणं मागतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. वडिलांची गिरणी गेली, लालबागची खोली गेली, आम्ही नाहूरला बिल्डिंगमध्ये आलो, पण गाऱ्हाणं काही सुटलं नाही. कोणाची नवी गाडी, कोणाच्या पोराचा परदेशी व्हिसा, की सहदेवला बोलावणं. देवाशी तो असा बोलायचा की जणू देव त्याच्या हाताखालचा बिगारी आहे.

मी जानकी. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि सहदेव, त्याची बायको सुगंधा आणि त्यांची एकुलती एक श्रुतिका यांच्याबरोबर राहते. घरात शहाणं माणूस एकच, ते कोण हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

आमच्या घराण्यात माणसाला नमस्कार करायची पद्धत नाही, वजन करायची आहे. दारात पाऊल टाकलं की ‘वाळलस रे’ नाहीतर ‘सुटलस गो’. मधला माणूस आमच्यात जन्मालाच येत नाही. श्रुतिका कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना एका लग्नात अख्ख्या हॉलने तिला ‘सुटलस गो’ म्हटलं. पोर हसली आणि आइस्क्रीमची वाटी तशीच खाली ठेवली. एवढ्यावरून कोणाला असा आजार होत नाही, त्याची मुळं खोल असतात, असं पुढे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण एवढ्याने तो बराही होत नाही, असंही म्हणाल्या.

तेव्हा आम्हाला आजार माहीतच नव्हता. ती जेवण टाळायला लागली. आधी डाएट म्हणून, मग पोट दुखतं म्हणून, मग काहीच न सांगता. सुगंधाने मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका लागला नाही, तेव्हा दृष्ट जबरी आहे असं ठरलं. ठसका लागला असता तर दृष्ट निघाली असं ठरलं असतं, म्हणजे कसंही करून दृष्ट होतीच. सहदेव रोज नवी मासळी आणून तिच्यापुढे ठेवायचा आणि समोर बसून तिच्या हाताकडे बघत राहायचा. शेवटी, नोकरीला लागल्यावर, एक दिवस ती पवईला ऑफिसात चक्कर येऊन पडली आणि हॉस्पिटलात ठेवावी लागली. या आजाराला नाव असतं, उपचार असतात आणि तो पोरीचा नखरा नसतो, हे आम्हाला तिथे कळलं. सहदेव जन्मात पहिल्यांदा गप्प झाला. संध्याकाळपर्यंत टिकलं.

तिथून सुटल्यावर मुलुंडच्या डॉक्टरीणबाईंकडे उपचार सुरू झाले. बाई बारीकशा, पण आवाज करारी. त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं.

“सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं. तिचं ताट मी सांगितलंय तसं वाढायचं. त्यानंतर जेवणाबद्दल एक शब्द नाही. तिच्या ताटात डोकवायचं नाही. जे काही मोजायचं असेल ते मी इथे मोजीन.”

“मगे बोलूचा काय?” सहदेवने विचारलं.

प्रश्न अगदी प्रामाणिक होता. मालवणी माणूस जेवताना जेवणावरच बोलतो. समोरचं जेवण, कालचं जेवण, पुढच्या रविवारचं जेवण आणि मेलेल्या आईच्या हातचं जेवण. हे चारही विषय काढून घेतल्यावर आम्हाला एकमेकांशी बोलण्यासारखं काही नाहीच, हे आम्हाला एवढ्या वर्षांनी समजलं. पहिल्या दिवशी सहदेव म्हणाला, “आज गरमी मरणाची.” त्यावरून त्याला सोलकढी आठवली, ती जिभेवर आली आणि त्याने ती गिळून टाकली. मग बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. सुगंधाने पालिकेचा विषय काढला तर त्यात सहदेवचा कॅन्टीनमधला वडा निघाला. शेवटी आम्ही शेजाऱ्यांची निंदा करायला लागलो आणि घर जरा सावरलं.

सहदेव बोलायचा थांबला, पण बघायचा काही थांबला नाही. तिचा घास उचलला गेला की याचा उचलला जायचा. ती गिळेपर्यंत हा गिळायचा नाही. मी टेबलाखालून त्याला लाथ घालायचे, तेव्हा तो माझ्याकडे असा बघायचा की जणू मीच त्याच्या पोरीच्या जिवावर उठलेय. तरीही पोर हळूहळू सावरत होती. चेहऱ्यावर रंग आला, पुन्हा ऑफिसला जायला लागली, पुन्हा माझ्याशी भांडायला लागली. आम्हाला वाटलं, जिंकलो.

आणि मग दिपेश आला.

दिपेश वेसाव्याचा कोळी. घरची होडी, आई सगुणाबाई मार्केटात बसायच्या. पोराने डोकं चालवलं, बर्फाच्या पेट्या टेम्पोत भरल्या आणि फोनवर ऑर्डरी घेऊन पवई, कांजूर, नाहूर असा फिरायला लागला. सहदेव त्याचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक. टेम्पो गेटमध्ये शिरला की हा गॅलरीतून ओरडायचा आणि पिशवी आणायला पोरीला खाली पिटाळायचा. आपल्याच हाताने पोरीला खाली पाठवलं आणि वर पुन्हा तिने प्रेम केलं म्हणून आश्चर्य केलं, असा आमचा सहदेव.

दिपेशने तिला पहिला प्रश्न विचारला तो टेम्पोवर नाव काय लिहू हा. ती म्हणाली, “आधी टेम्पो धू.” दोन वर्षांत तिच्याशी जेवण सोडून दुसऱ्या विषयावर बोललेला हा पहिला माणूस, आणि धंदा त्याचा मासे विकण्याचा. पुढे पवईच्या तलावाकाठी बसून तिने त्याला आजाराचं सगळं सांगितलं.

“मग मी काय करू?” त्याने विचारलं.

“काही नको करूस.”

प्रेमात पडलेल्या माणसाला हे वाक्य ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याचे मेसेज सुरू झाले. जेवलीस का? काय जेवलीस? फोटो पाठव ना. आणि श्रुतिका फोटो पाठवायला लागली. भात, आमटी, भाजी, वर तळलेला तुकडा. तो खाली बदाम टाकायचा. सहदेवला हे कळलं तेव्हा त्याला परमानंद झाला. आपली पहाऱ्याची ड्युटी आता होणाऱ्या जावयाने घेतली, या खुशीत तो दोन दिवस स्वतःच्या ताटात बघून जेवला.

एका दुपारी तिने ऑफिसच्या डब्याचा म्हणून सरंगा माशाच्या तुकड्यांचा फोटो पाठवला. दिपेश बघतच राहिला. त्या आठवड्यात त्याच्याकडे सरंगा आलाच नव्हता. आणि तुकडीवरचा तो वाकडा काप त्याच्याच हातचा होता, गेल्या महिन्यात सुरी बोथट झाली होती त्या दिवसाचा. ताट खरं होतं, दिवस जुना होता.

त्याने तिला काही विचारलं नाही. तो घाबरला आणि थेट सहदेवकडे आला. “काका, वाट लागलीय यार. ती जेवत नाहीये. मला जुने फोटो पाठवते.” दोघं खाली पार्किंगमध्ये टेम्पोला टेकून उभे राहिले आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी. हे मला वरून गॅलरीतून दिसलं. मला वाटलं, पापलेटचा भाव वाढला.

शहाण्या माणसाने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला असता. पण सहदेवची जन्मभराची सवय अशी की मोठी अडचण आली की तो वरच्या साहेबाकडे जायचा. आणि त्याच शनिवारी आमच्या सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती.

पूजेला दिपेश आणि सगुणाबाई यांनाही बोलावलेलं. कांदेपोह्यांचा तमाशा नको, पोरांची ओळख आहेच, सगुणाबाई येतील, प्रसाद घेतील, घर बघतील, असा साधा बेत. सगुणाबाई अंगभर सोनं घालून आल्या होत्या आणि श्रुतिकाला जवळ बसवून टेम्पोच्या रंगावर वाद घालत होत्या. पोर खरंच हसत होती. प्रसादाचं ताट तिच्याच हातात होतं.

आरती झाली आणि सेक्रेटरी धोंडिराम यांनी सहदेवपुढे माइक धरला. सहदेवने नारळ उचलला.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या सोसायटीच्या लेकरांनी तुझी जी काय सेवा केल्यानी हा, ती गोड मानून घी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळं पार्किंग ओरडलं. आमच्या बिल्डिंगमध्ये गुजराती आहेत, तमिळ आहेत, त्यांना अर्थ कळत नाही, पण सगळ्यात मोठ्याने तेच ओरडतात.

“ही लिफ्ट मधीच अडकता, ती सुरळीत चलांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“बी विंगेतली भांडणा मिटांदेत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हे ए विंगने जास्त जोरात म्हटलं.

मग सहदेव थांबला. त्याचा आवाज बदलला.

“आणि म्हाराजा, माझा एकुलता एक चेडू. त्येका अन्न गोड लागणा नाय. डॉक्टर झाले, औषधा झाली. बापाच्यान बघवणा नाय रे म्हाराजा! जोपर्यंत माझा चेडू पोटभर जेवणा नाय, तोपर्यंत मी मासळीक शिवचंय नाय! ह्यो माझो नवस आसा, तो मान्य करून घी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सवयीने ओरडले सगळे. ओरडून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय ओरडलो. श्रुतिकाने प्रसादाचं ताट हळूच खुर्चीवर ठेवलं आणि जिन्याने वर निघून गेली.

सगुणाबाईंना आजाराचं आधीच माहीत होतं, दिपेशने सांगितलेलं. त्यांना धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. “म्हावरं सोरलं? अवो, मंग आमी काय विकाचं, वांगी?” त्या मला म्हणाल्या. तेवढ्यात दिपेशने सहदेवच्या हातातला माइक घेतला. सासरा एवढा त्याग करतोय आणि आपण मागे राहायचं, हे त्याच्या प्रेमाला पटेना. “मी पण मासे सोडले!” तो म्हणाला. कोळ्याच्या पोराने मासे सोडले. सगुणाबाईंनी त्याच्या पाठीत असा धपका घातला की माइक खरखरला.

त्यानंतर साथच आली. सुगंधाने गोड सोडलं. धोंडिराम यांनी तंबाखू सोडली, ती सोमवारी पुन्हा धरली. घरात धड जेवणारी मी एकटी उरले आणि मला प्रत्येक घासाला चोरी केल्यासारखं वाटायला लागलं. तरी मी जेवले, नाही कशाला म्हणू.

दुसऱ्या दिवशी श्रुतिका खाली टेम्पोजवळ गेली. मी जिन्यात भाजीची पिशवी घेऊन उभी होते, त्यामुळे ऐकलं. ऐकण्यासाठीच उभी होते.

“तू पप्पांना का सांगितलंस?”

“घाबरलो ना. तू मला खोटे फोटो पाठवलेस.”

“कारण तू रोज मागायचास. एखादा दिवस वाईट गेला की तुला काय पाठवू? तुझा चेहरा उतरला असता.”

“उतरला तर उतरला.”

“हो? दिपेश, मी तुझ्यासाठी जेवायला लागले तर आपलं भांडण झालं की मी काय करायचं?”

दिपेशने बर्फाच्या पेटीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. “मी मासे सोडलेत तुझ्यासाठी,” तो शेवटी म्हणाला. ती वर आली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

आता जेवणाच्या टेबलावर नवाच छळ सुरू झाला. सहदेव वरणभातापुढे संतासारखा चेहरा करून बसायचा. शेजारून तळलेल्या बांगड्याचा वास आला की डोळे मिटायचा. श्रुतिकाने घास उचलला की आधी त्याच्या नजरेत काळजी असायची, आता आशा असायची, आणि ते जास्त वाईट होतं. तिच्या प्रत्येक घासाबरोबर त्याला आपली सुरमई जवळ येताना दिसायची. तिकडे वेसाव्यात बोभाटा झाला की सगुणाचा पोर स्वतःची मासळी खात नाही, म्हणजे मासळीतच काहीतरी काळंबेरं असणार. गिऱ्हाइकं फोन करून चौकशा करायला लागली.

थोड्याच दिवसांत श्रुतिका टेबलावर येईनाशी झाली. भूक नाही म्हणायची. दारामागून सुगंधा विनवायची, सहदेव दारापाशी खुर्ची टाकून बसायचा. पोर पुन्हा सुकत चालली.

मुलुंडला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि आम्हाला आत बोलावलं. असंच चाललं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखल करावं लागेल, म्हणाल्या. या खेपेला तब्येत तेवढी साथ देईल याची खात्री नाही, असंही म्हणाल्या. सुगंधा रडायला लागली. मग बाईंनी विचारलं, “घरात काही बदललंय का?” सहदेवने अभिमानाने नवस सांगितला. मी दिपेशचा आणि सुगंधाचाही सांगितला.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे तिने खाल्लं तर तुमची सगळ्यांची सुटका, आणि नाही खाल्लं तर तुम्ही सगळे उपाशी, तिच्यामुळे. एवढं ओझं निरोगी माणसाला तरी पेलेल का?”

“पण मी तां प्रेमान केलंय,” सहदेव म्हणाला. त्याचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

“प्रेमानेच केलंत हो. तेच तर अवघड आहे,” बाई म्हणाल्या.

परत येताना मी आणि सुगंधा एका रिक्षात कोंबलेल्या, मध्ये श्रुतिका, आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्धं बूड टेकून सहदेव. असं बसायला मनाई आहे, पण या माणसाला पोरीपासून लांब दुसऱ्या रिक्षात बसवत नव्हतं. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा श्रुतिका म्हणाली, “पप्पा, तुम्हाला भूक लागते?”

“लागता तर.”

“मासे दिसले की?”

“रडूक येता.”

“मग खात का नाही?”

“देवाक शब्द दिलंय. मोडलंय तर…” तो थांबला.

“तर काय होईल?”

सहदेव मागे वळला. “तुका कायतरी होईत,” तो म्हणाला. “म्हायत नाय काय, पण होईत. हात पुढे जाता आणि तां मनात येता. मगे घास घेववणा नाय.”

श्रुतिका पुढे वाकली. “माझं पण असंच असतं,” ती म्हणाली. “माझ्या डोक्यात पण कोणालातरी शब्द दिलेला असतो. कोणाला ते माहीत नाही. मोडला तर काहीतरी भयंकर होईल असं वाटतं. काय होईल ते पण माहीत नाही. हात पुढे जातो आणि ते मनात येतं.”

सिग्नल सुटला. रिक्षावाल्याने आरशातून एकदा पाहिलं आणि गुपचूप गाडी हाकली. दोन वर्षं आम्ही तिला ‘एक घास घे ना, त्यात काय एवढं’ म्हणत होतो. त्यात काय असतं ते आम्हाला त्या दिवशी कळलं. मला रडू येणं मुळीच आवडत नाही, म्हणून मी रिक्षावाल्याला हळू चालव म्हणून ओरडले.

घराच्या दारात ती म्हणाली, “पप्पा, रविवारी तुम्ही तुमचा नवस मोडा. मला बघायचंय, असा शब्द मोडता येतो का.”

“आणि देव?”

“देवाचं मी बघते,” मी म्हटलं. “त्याला नारळ ठेवते आणि सांगते की हा माणूस बेअक्कल आहे. ते त्यालाही माहीत असेल.”

रविवारी दिपेश सुरमई घेऊन आला. सगुणाबाईही आल्या, हा मूर्खपणा संपल्याशिवाय हलणार नाही असं ठरवून. सुगंधाने तुकड्या तळल्या. सहदेव आणि दिपेश शेजारी शेजारी बसले आणि त्यांच्यापुढे ताटं आली. दिपेशने आईचा उठलेला हात पाहिला आणि तुकडी तोंडात टाकली. त्याच्या नवसाचं आयुष्य तेवढंच होतं.

सहदेवने हात पुढे केला. हात तुकडीपर्यंत गेला आणि थांबला. आम्ही सगळ्या त्याच्याभोवती उभ्या.

“एक घास घ्या ना, एकच,” सुगंधा म्हणाली.

“खा वो, ताजी हाय,” सगुणाबाई म्हणाल्या.

“काका, मी खाल्ली ना. काही होत नाही,” दिपेश म्हणाला.

“मेल्या, गीळ एकदाची,” मी म्हटलं.

सहदेवने तुकडी मोडली, उचलली, पुन्हा ठेवली. मग तो एकदम ओरडला, “अरे बघू नका रे सगळे! असे बघत रवलात तर घास खाली कसो उतरतलो?”

सुगंधाने पदर तोंडाला लावला. सहदेवने मान वर करून पोरीकडे पाहिलं, आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं की आपण काय बोललो. “व्हय गो बाय,” तो म्हणाला, आणि पुढे त्याला बोलता येईना. ज्या माणसाने देवालाही कधी बोलू दिलं नाही, त्याला बोलता येईना.

श्रुतिकाने खुर्ची ओढली. त्याच्या समोर नाही, शेजारी. स्वतःचं ताट घेतलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय तसं वाढून घेतलं आणि आम्हा सगळ्यांना म्हणाली, “उभ्या काय राहिलात? बसा. पप्पांकडे बघू नका, माझ्याकडे पण बघू नका. पण कोणी उठायचं नाही.” मग ती दिपेशकडे वळली. “टेम्पोचं पासिंग कधी आहे रे?”

दिपेशने पासिंगचं सांगायला सुरुवात केली. आम्ही बसलो. मला टेम्पोच्या पासिंगमध्ये जन्मात रस नव्हता, पण त्या दुपारी मी ब्रेकबद्दल विचारलं, टायरबद्दल विचारलं, मागच्या दिव्याच्या काचेबद्दलही विचारलं. सगुणाबाईंनी आरटीओला शिव्या घातल्या. सुगंधा प्रत्येक वाक्याला ‘हो का’ म्हणत होती. तिकडे सहदेव रडत रडत सुरमई खात होता, हे मला आवाजावरून कळत होतं. काटे थुंकण्याचा आवाज मी लहानपणापासून ओळखते.

पुढच्या आठवड्यातलं हॉस्पिटल टळलं. सुरमईने आजार पळाला वगैरे मी म्हणणार नाही. आम्ही अजून मुलुंडला जातो, अजून काही दिवस वाईट जातात, अजून एखाद्या दिवशी ती दार लावून घेते. दिपेश आता जेवलीस का विचारत नाही, बर्फवाल्याने कसं फसवलं ते सांगतो, आणि वाईट दिवस असेल तर तीच त्याला सांगते की आज वाईट दिवस आहे. नातेवाईक येतात आणि त्या रविवारबद्दल खोदून खोदून विचारतात. बापाने नवस मोडल्यावर पोर जेवली का, किती जेवली, भात घेतला का, पानात काय टाकलं.

मला विचारू नका. मी बघितलं नाही.